कंपनीत नोकरी पाहिजे? मग बायोडाटा असा लिहा

पारनेर : सुपा किंवा नागापूर एमआयडीसीत कामाला लागायचं म्हटलं की गावाकडची बरीच पोरं नेट कॅफेतून तयार नमुन्याचा बायोडाटा काढून आणतात. त्यात जात, धर्म, छंद सगळं असतं. कोणतं काम येतं तेवढंच नसतं. असा कागद लग्नाला चालेल, कंपनीला नाही.

बायोडाटा एकाच पानाचा ठेवा. वर नाव, गाव, तालुका आणि चालू मोबाईल नंबर. खाली कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते. मग शिक्षण, आयटीआय झाला असेल तर ट्रेड आणि पास झाल्याचं वर्ष. त्यानंतर येणारं काम नेमकं लिहा. नुसतं 'वेल्डिंगचा अनुभव' नको. 'दोन वर्षे गावातल्या वर्कशॉपमध्ये ट्रॉलीचं वेल्डिंग' असं पाहिजे. विहिरीवरची मोटार, स्टार्टर दुरुस्त करता येत असेल तर इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी तेही लिहा. येत नाही ते मात्र लिहू नका, मुलाखतीत लगेच उघडं पडतं.

अनुभवच नसेल तर अप्रेंटिसशिपला अर्ज करा. तिथं काम शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं आणि पुढच्या बायोडाट्यात लिहायला अनुभवही होतो.

देण्याआधी आधार आणि मार्कशीटवरचं नाव सारखं आहे का, ते तपासा.