सुटून आलेल्याला घर कोण देणार?

वाचकहो, व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा बोलपट आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला असेलच. सहा खुनी कैद्यांना शेतावर नेऊन माणसांत आणणाऱ्या जेलरची ही कथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. ते आटपाडीच्याच मुलखातले, आणि तिथे असा प्रयोग खरोखरच चालू होता.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरच्या सूचनेवरून १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसवले. उंच भिंती नाहीत, कैदी शेती करतो आणि बायकामुले त्याच्याबरोबर राहतात. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पण ही वसाहत आजही सांगली जिल्ह्यात तुरुंग खात्याकडे आहे. राजाला कैद्याच्या संसाराची काळजी वाटली, हे आम्हाला फार मोठे वाटते. शिक्षा एकाची असली तरी संसार सगळ्यांचाच मोडतो.

इतर कैद्यांची गोष्ट वेगळी. दार उघडते तेव्हा हातात थोडे पैसे आणि कपड्यांचे गाठोडे. रेशनकार्डावरचे नाव गेलेले, भाड्याने खोली मिळत नाही, मालक पोलिसांचा दाखला मागतो. (आपल्या बेटावर तरी दाखल्याशिवाय कोण कामावर घेते?) बहिणीचे लग्न अडले तर बोट त्याच्याकडेच. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अशा लोकांसाठी झटत आहे.

आता आखातातली गोष्ट. अबूधाबीत मुसफ्फाच्या कारखान्यांना लागून मोहम्मद बिन झायद सिटी ही मोठी वस्ती आहे. त्या देशात पूर्वी चेक वटला नाही तर माणूस थेट तुरुंगात जाई. २०२२ पासून, खात्यात पैसे नाहीत एवढ्याच कारणाने चेक परत गेला तर तो सहसा फौजदारी गुन्हा धरत नाहीत. कर्जापायी अडकलेल्यांसाठी २००९ साली ‘फरज’ निधी निघाला. रमजान आणि राष्ट्रीय दिनाला माफीही मिळते. पण परदेशी माणसाची सुटका म्हणजे बहुधा मायदेशाचे तिकीट. भारत आणि अमिरातीत २०११ मध्ये कैदी हस्तांतराचा करार झाला. त्याने उरलेली शिक्षा मायदेशी भोगता येते. एजंटाला देण्यासाठी काढलेले कर्ज मात्र कोणताही करार फेडत नाही. गावात उतरल्यावर सावकार आधी भेटतो, शेजारी नंतर. “दुबईहून काय आणलेस?” असे मुले विचारतात, तेव्हा घरातल्या बाईलाच काहीतरी उत्तर द्यावे लागते.