अ‍ॅडॉप्टर आता कुठे लपवायचा?

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. सगळ्यांचे हप्ते जमा झाले, एकीचाच राहिला. ती तशी कधी हप्ता चुकवणारी नाही. बाकीच्या उठून गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, सोयाबीनचे पैसे खात्यात होते. त्यातले सहा हजार कमी दिसायलेत. कुणी काढले तेच कळंना."

दोघींनी मिळून तिचा मोबाइल उघडला. ४९ रुपये, १५९ रुपये, पुन्हा ४९, मग ३९९... बारीकबारीक रकमांची रांगच लागलेली. सगळे पैसे एका गेममध्ये गेलेले! नववीतला मुलगा अभ्यासासाठी घेतलेल्या जुन्या टॅबवर तो गेम खेळत होता. खेळातल्या शिपायासाठी कपडे घेतले, बंदुकीला रंग घेतला. मी विचारलं, "पण पिन त्याला कसा माहीत?" तर म्हणते, "तोच तर करून देतो ओ सगळं. मला कुठं जमतं?"

खरं सांगू? मला त्या पोराचा राग आला नाही. मला माझा भाऊ आठवला आणि आमची आई आठवली.

नव्वदच्या दशकात माझ्या माहेरी दिवाळीला व्हिडिओ गेम आला होता. टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली असा खेळ तिकडे बाजारात आणला होता. आपल्याकडे गावोगावी मिळायच्या त्या बहुतेक त्याच्या स्वस्त नकला. मारिओ आम्ही आळीपाळीनं खेळायचो. भाऊ मारिओ, आणि माझ्या वाट्याला कायम लुईजी. पण खेळायचो ते बैठकीत, सगळ्यांसमोर. आजी मागून विचारायची, "तो मिशीवाला मेला का रे?" आईला बातम्या बघायच्या असल्या की खेळ बंद. परीक्षा जवळ आली की आई अ‍ॅडॉप्टर काढून ज्वारीच्या कोठीत टाकायची. झालं! संपला विषय.

मैत्रिणींनो, आता सांगा, टॅबचा अ‍ॅडॉप्टर कुठे लपवायचा?

मागच्या दिवाळीत पुण्याला नणंदेकडे गेले होते. भाच्यानं प्लेस्टेशन घेतलंय. २०२१ च्या फेब्रुवारीत पाचवं प्लेस्टेशन भारतात आलं तेव्हाच त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. वर एकेका नव्या खेळाच्या डिस्कला चार-पाच हजार. मी तर डोक्याला हात लावला! तेवढ्यात नणंद म्हणाली, "वहिनी, पैसे एकदा गेले. पण तो काय खेळतो, कुणाबरोबर खेळतो, ते मला पोळ्या लाटता लाटता दिसतं. खेळून झालेली डिस्क मित्राला देतो, त्याची आणतो."

तिचं म्हणणं मी बरेच दिवस डोक्यात घोळवत होते. प्लेस्टेशन महाग, पण त्याची किंमत दुकानातच कळते. टॅबवरचा गेम फुकट उतरतो आणि त्याची किंमत मागाहून, थोडीथोडी वसूल होते. शिवाय टीव्हीवरचा खेळ घराचा असतो, टॅबवरचा खेळ एकट्याच्या मांडीवरचा. पांघरुणातसुद्धा चालतो.

म्हणून काही प्लेस्टेशन आणलं की सगळं सुरळीत, असं नाही हं! तेही आता इंटरनेटला जोडलेलं असतं, त्याच्यातही दुकान असतं, अनोळखी माणसांशी बोलणं असतं. आणि आपल्या कनेरगाव नाक्यासारख्या गावात पन्नास हजारांचा खेळ किती घरांना परवडणार? वीज गेली की तो बंद. टॅब मात्र बॅटरीवर चालतो आणि अभ्यासालाही लागतो. नागपूरच्या महाज्योती संस्थेनं इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलामुलींना नीट, जेईई, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब दिले. खेड्यातल्या लेकरांना घरबसल्या शिकवणी मिळाली. अशा वस्तूला घराबाहेर कसं काढणार?

कुणी म्हणेल, आता कायदा झालाय ना. झालाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पण बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. खेळातल्या शिपायाला कपडे घेणं त्यात बसत नाही. तिथे पहारा आपल्यालाच द्यायचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं तर खेळाच्या अनावर सवयीची आजारांच्या यादीत नोंद केली आहे, ती यादी २०२२ पासून लागू झाली. अर्थात खेळणारं प्रत्येक लेकरू आजारी नसतं. खेळापायी शाळा, झोप, जेवण, माणसं सुटायला लागली आणि हे महिनोन् महिने चाललं, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला लाजू नये.

दुसऱ्या दिवशी मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले. मुलगा मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "मावशी, पन्नास पन्नास रुपयेच वाटायचे." खोटं नव्हतं ते. मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं. मी त्याला रागावले नाही. म्हटलं, "आईला शिकव. पिन कसा बदलायचा, हिशेब कुठे दिसतो, सगळं." तिनं थरथरत्या बोटांनी नवा पिन टाकला, आम्ही दोघांनी तोंड फिरवलं! मग अ‍ॅपच्या दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय केली. त्याचा पासवर्डही तिनंच टाकला. अलीकडच्या दोन-तीन खरेद्यांचे पैसे परत मिळावेत म्हणून तिथेच अर्जही केला. त्यातले थोडे आले, बाकीचे गेले ते गेले.

आणि एक नियम ठरवला. टॅब बैठकीतच वापरायचा, रात्री नऊनंतर तो आईच्या उशाशी. गेम खेळायचा तर सगळ्यांसमोर.

काल ती राहिलेला हप्ता घेऊन आली. म्हणाली, "ताई, आता संध्याकाळी तो खेळतो अन् मी भाजी निवडत बघत बसते. मला त्यातलं काही कळत नाही, पण तो समजून सांगतो." मग जरा थांबून हसली, "अन् शिल्लक किती हाय, ते माझं मीच बघते."

मला वाटलं, ज्वारीच्या कोठीतला तो अ‍ॅडॉप्टर शेवटी सापडला. तो आता आईच्या डोक्यात असतो, चार आकड्यांचा. तेवढे आकडे मात्र आपले आपणच टाकायला शिकायला हवं.