कुसळांचे डोंगर

सह्याद्रीचा माथा ओलांडून येणारे ढग मराठवाड्याच्या पठारावर पोहोचेपर्यंत आपली बहुतेक संपत्ती घाटमाथ्यावरच उधळून बसलेले असतात, आणि म्हणूनच छत्रपती संभाजीनगरच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस येतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो. या मुलखाला वाळवंट म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला असता शहराभोवतालच्या डोंगरांकडे पाहून एखाद्या परक्याने तसे म्हटलेच, तर त्याच्याशी वाद घालण्याचा उत्साह इथल्या रहिवाशालाही राहत नाही.

या डोंगरांत पहाटे चालणाऱ्यांची वहिवाट जुनी आहे, धावणाऱ्यांची मात्र अलीकडची. औरंगाबाद लेण्यांच्या शेजारची गोगाबाबा टेकडी, दक्षिणेकडील साताऱ्याचे डोंगर, देवगिरीभोवतालचे माळ, या ठिकाणी आता डांबरी सडक सोडून पाऊलवाटेने पळणारे, म्हणजे ‘ट्रेल रनिंग’ करणारे, स्त्रीपुरुष दिसू लागले आहेत. सडकेवर पाय एकाच रीतीने पडत राहतात, येथे मात्र प्रत्येक पावलाचा निर्णय स्वतंत्र. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा दख्खनचा बेसॉल्ट घडला, त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात; कड्याचा काळा कातळ भरवशाचा असतो, परंतु मधल्या टप्प्यावरचा मुरूम पायाखालून हटकून सरकतो. उतारावर टाचेवर भार टाकणारा बहुधा बसतोच. लहान पावले, सैल गुडघे आणि दोनचार पावले पुढे असलेली नजर, एवढ्या तिहींवर सारा निभाव लागतो. दगडाआड फुरसे असते, म्हणून हात टेकण्यापूर्वी दगड पाहावा हेही ओघानेच आले.

पावसाळा सरून गवत पिवळे पडले की या वाटांवर धावणाऱ्याच्या मोज्यांत कुसळे भरतात आणि घरी येऊन ती वेचताना तोंडातून भले शब्द निघत नाहीत. पण एखादे कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. बीजाच्या टोकाला सुईसारखी अणी, मागे पीळ पडलेले काळसर शेपूट. ओल लागताच ते शेपूट हळूहळू उलगडू लागते, सुकले की पुन्हा पिळते, आणि या पीळ-उलगडीच्या जोरावर बीज स्वतःच जमिनीत शिरते. पेरणारा नाही, नांगर नाही, तरी हंगाम चुकत नाही.

असे असता, डोंगर हिरवा झाडीने झाकला नाही म्हणजे तो उजाड, ही आपली समजूत मला धावणाऱ्यांच्या बुटांहून अधिक घातक वाटते. गवताळ माळावर चंडोल घरटे करतो, तित्तिर लपतो, लांडगा फिरतो. तेथे खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे दाटीवाटीने लावली म्हणजे सावली मिळते खरी, परंतु माळ बुजतो. शिवाय हा रुक्ष दिसणारा खडक वाटतो तितका कोरडाही नाही. 1610 साली खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसविणाऱ्या मलिक अंबरने याच डोंगरांच्या पोटात झिरपलेले पाणी भुयारी नहरीतून शहरात आणले, आणि उन्हाने भाजलेल्या मुलखात एक मोठी वस्ती त्यावर जगली.

अधिक दूरवरची हौस असलेल्याने कन्नडकडे वळावे. कन्नड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यान पसरलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झाले. विस्तार सुमारे 260 चौरस किलोमीटर. तेथील सालईची साल कागदासारखी पापुद्रे टाकते आणि पाने झडलेल्या फांद्यांवरच तिचा मोहर येतो. पितळखोऱ्याची प्राचीन लेणी याच डोंगरांत आहेत. तेथे बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि 2021 साली विदर्भातील टिपेश्वरहून निघालेला एक वाघही येथे येऊन पोहोचला. साहजिकच गोगाबाबाचे स्वातंत्र्य गौताळ्यात चालत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये अभयारण्याच्या हद्दीत परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. तेव्हा वन खात्याकडून परवाना घ्यावा, सोबत कोणी असल्याविना जाऊ नये, उजाडण्यापूर्वी आणि मावळल्यानंतर धावू नये, कारण ती वेळ श्वापदांची. कानांत संगीताच्या नळ्या खुपसून अस्वलाच्या मुलखात धावणाऱ्याबद्दल काय बोलावे! वाट सोडून आडवाटेने उतरण्याचा मोहही आवरावा. एका पावसात त्या पायखुणेची घळ होते. उन्हाळ्याच्या तोंडी गवत पेट घेण्याइतके वाळते आणि वणव्याच्या भयाने वन खाते जाळरेषा साफ करून घेते. त्या दिवसांत काडेपेटी घरी ठेवावी, आणि दूरवर धूर दिसल्यास धावण्याचा सारा सराव चौकीवर वर्दी पोहोचविण्याच्या कामी लावावा.