सिग्ने एकब्लाड : जेरुसलेममधील एक मुख्याध्यापिका

शाळा कोणाच्या पैशावर चालते हें मुलाला कळावयास फार दिवस लागतात. परंतु ती कोणाच्या भाषेंत बोलते हें त्याला पहिल्याच दिवशीं समजतें. सिग्ने एकब्लाड या स्वीडिश मिशनरी बाईंच्या कार्याचें मर्म या साध्या गोष्टींत आहे.

सन १९०० मध्यें स्वीडनमधील कांहीं धर्मनिष्ठ लोकांनीं पॅलेस्टाइनमध्यें सेवाकार्य करण्यासाठीं ‘जेरुसलेम मंडळी’ स्थापन केली. तिनें बेथलेहेमला रुग्णालय काढलें आणि १९०२ सालीं जेरुसलेमला एक शाळा सुरू केली. त्या वेळीं तेथें तुर्कांचा अंमल होता. पहिल्या महायुद्धांत तो संपला व देशाचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला. अशा बदलत्या काळांत, १९२२ सालीं, एकब्लाडबाई या शाळेच्या प्रमुख झाल्या. त्यांचा जन्म १८९४ चा. म्हणजे अद्याप त्यांनीं तिशीही गांठली नव्हती.

इंग्रजी अमदानींत अरब मुलांसाठीं सरकारी शाळा होत्या; परंतु त्या गरजेच्या मानानें थोड्या. शिक्षण सक्तीचें नव्हतें. त्यांतही मुलींची उपेक्षा अधिक. त्यामुळें अनेक कुटुंबें मिशनच्या शाळांकडे वळत. या शाळांपैकीं पुष्कळांत फ्रेंच किंवा इंग्रजी भाषेचें वर्चस्व असे. मुलगा हुशार झाला, तरी तो घरच्यांना परका होऊं लागे.

स्वीडिश शाळेनें निराळा मार्ग धरला. तेथें मुख्य शिक्षण अरबींतून दिलें जाई, आणि शिकविणाऱ्यांत त्याच देशांतील अरब स्त्रिया होत्या. बाईंनीं स्वतः अरबी भाषेचा अभ्यास केला. ज्यांना शिकवावयाचें त्यांच्यापुढें आधीं आपणच विद्यार्थी व्हावें, हा त्यांतील विनय लक्षांत घेण्याजोगा आहे. मुलगे आणि मुली, ख्रिस्ती आणि मुसलमान, सर्वांना तेथें प्रवेश होता. १९२८ सालीं शाळेला नवी इमारत मिळाली. टंचाईच्या दिवसांत भुकेल्या मुलांना तेथें गरम अन्नही मिळूं लागलें. कारण रिकाम्या पोटीं पाटीवर लक्ष लागत नाहीं, हें शिक्षकाला कोणी सांगावें लागत नाहीं.

परंतु शाळेच्या भिंतींबाहेरचा प्रश्न शाळेला सोडवितां येत नव्हता. १९२९ सालीं दंगे झाले. १९३६ पासून तीन वर्षें अरबांचें बंड चाललें. नोव्हेंबर १९४७ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं फाळणीचा ठराव केला आणि मे १९४८ मध्यें इंग्रज निघून गेले. युद्धांत शहर दुभंगलें. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले. विद्यार्थीच पांगल्यावर शाळा कोणासाठीं चालवावयाची? त्याच वर्षीं ती बंद पडली व बाईंची सव्वीस वर्षांची सेवा संपली. पुढें चारच वर्षांनीं, १९५२ सालीं, त्या निवर्तल्या.

मग हें सारें व्यर्थ गेलें काय? इमारत मागें राहिली, बांकें मागें राहिलीं. निर्वासिताला तीं पाठीवर घेतां येत नाहींत. परंतु स्वतःच्या भाषेंत वाचतां येणारी मुलगी जेथें जाईल तेथें आपल्या भावंडांना अक्षरें गिरवावयास लावूं शकते. परक्या भाषेची विद्या परक्या सत्तेबरोबर अनेकदां निरुपयोगी ठरते. आईच्या भाषेंत मिळालेली विद्या मात्र घर सुटलें तरी सुटत नाहीं. एकब्लाडबाईंच्या शाळेनें दिलें तें हें, आणि तें हिरावून घेणें कोणत्याही सीमारेषेला शक्य नव्हतें.