डबलडेकर बस : आठवणीतून शिकूया

सिरसाळ्याच्या मुलांना बस म्हटलं की एसटीच आठवते, आपली लालपरी. पण बसवर बस ठेवावी तशी दुमजली गाडी मुंबईत १९३७ पासून धावत होती. ती म्हणजे बेस्टची डबलडेकर.

दोन मजले कशासाठी? रस्त्यावर जागा एकाच बसची लागते, प्रवासी मात्र जास्त मावतात. वर एक आणि खाली एक, असे दोन कंडक्टर असत. वरच्या मजल्यावर अगदी पुढची खिडकी मिळावी म्हणून लहानमोठे सगळेच धडपडायचे.

मग ती गेली का? दोन कंडक्टर आणि चालवण्याचा खर्च परवडेना, तशा गाड्या कमी होत गेल्या. शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त झाली. बसप्रेमींनी हारफुलांनी सजवून तिला निरोप दिला. आता विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बस आल्या आहेत. पण उघड्या खिडकीतला वारा गेला.

शिक्षक-पालकहो, रोज दिसणाऱ्या गोष्टीची नोंद आपण ठेवतच नाही. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. नंतर ती गावोगावी पोचली, ते पाहिलेली माणसं आपल्या घरात आहेत. मुलांना आजी-आजोबांकडे पाठवा. तीन प्रश्न पुरेत:

१. गावात एसटी पहिल्यांदा कधी पाहिली?
२. तिकीट किती होतं?
३. त्याआधी बाजाराला, दवाखान्याला कसं जायचात?

उत्तरं वहीत लिहून ठेवायची. आजोबा आज सांगतील. उद्या कोण सांगणार?