टनाची मजुरी आणि बुडख्याची कांडी

गव्हाणीत मोळी पडली की सभासदांची एक तक्रार ठरलेली असते. टोळीवाले ऊस वर धरून तोडतात, वीतभर खुंट रानातच राहतो. तक्रार खरी आहे. साखर सर्वांत जास्त असते ती बुडख्याच्याच कांड्यांत. शिवाय उंच खुंटावरचे फुटवे जोम धरत नाहीत आणि खोडवा मार खातो. पण दोष एकट्या तोडणाऱ्याचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

तोडणाऱ्याला मजुरी मिळते ती टनावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. काट्यावर जेवढे वजन भरेल तेवढे पैसे. त्यातूनच मुकादमाची उचल फेडायची. जमिनीलगत घाव घालायचा तर वाकावं लागतं, कंबर मोडते, वेळ जातो. तेवढ्या वेळात पुढची चार बेटं आडवी होतात. मग त्यानं वाकायचं कशाला? आपण वजनाला पैसे देतो आणि आपल्याला वजनच मिळतं. पडलेल्या उसाचा फड असला तर कष्ट भलतेच, टनाचा दर मात्र तोच. 'खुशाली'ची मागणी बऱ्याचदा तिथंच सुरू होते. (लवकर तोड मिळावी म्हणून ती आपणहून देणारे सभासदही आहेत, हे आपल्यात बोललेलं बरं.)

मजुरी वजनावर, म्हणून खाडा पडला की कमाई बुडते, वर मुकादमाची कपात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, त्यामागे हा खाड्याचा धाकही होता.

कामाच्या मापाने दाम ही कल्पना जुनीच. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या इंजिनियराने १८९९ साली बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात बिडाचे ठोकळे वाहणाऱ्यांवर असा प्रयोग केला. त्याच्या सांगण्याप्रमाणे एक मजूर दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला; मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, दाम दुप्पटही नाही! पण ठोकळा कसाही उचलला तरी ठोकळाच राहतो. उसाचं तसं नाही.

आणि आपलं तरी काय वेगळं? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. उतारा वाढला तर दर वाढतो खरा, पण तो उतारा साऱ्या कारखान्याचा सरासरी. एकानं पक्व ऊस दिला, दुसऱ्यानं कोवळाच घातला, तरी दोघांच्या बिलाचा दर एकच.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरली. ती व्हायलाच हवी होती. मात्र तीही टनावरच.

आमची सूचना अशी : जमिनीलगत तोडलेल्या उसाला टनामागे थोडी जादा मजुरी द्यावी. चिटबॉयने फडातच खुंट पाहून स्लिपवर नोंद करावी, खाली सभासदाची सही घ्यावी. ही रक्कम मुकादमाच्या हाती न देता थेट कोयत्याच्या नावे जमा व्हावी. तोडणी-वाहतूक आपल्याच ऊसबिलातून वजा होते, तेव्हा हा भारही आपल्यावरच येणार. टनाला किती जादा द्यावे आणि उंच खुंट राहिल्यास कपात करावी की नाही, याबद्दल सभासद बंधू-भगिनींनी आपले मत गट कार्यालयात लेखी द्यावे.