डाळिंबाची काडी, गच्चीचा कोपरा आणि थोडा सब्र

नांदेड असो की लातूर, आता बऱ्याच घरांपुढे अंगण राहिलेलं नाही. गच्ची असते, नाहीतर गॅलरीचा एखादा कोपरा. तेवढ्या जागेतही डाळिंबाचं खरंखुरं झाड वाढवता येतं, दीड-दोन फूट उंचीचं, पण जाड खोडाचं. यालाच बोन्साय म्हणतात. ही कला चीनमधून जपानला गेली आणि तिथे बहरली. नर्सरीत तयार बोन्साय महाग मिळतं. घरी काडीपासून केलं तर खर्च अगदी थोडा. लागतो तो सब्र.

डाळिंबच का? कुरआनमध्ये या फळाचा उल्लेख तीन ठिकाणी आहे, त्यातला एक सूरह रहमानमध्ये, जन्नतच्या वर्णनात. शिवाय आपल्या भागाला हे झाड मानवतं. ऊन सोसतं, छाटणी सोसतं आणि काडीपासून लागतं.

काडी कशी लावायची?

बहार धरण्याआधी बागांमध्ये छाटणी होते, तेव्हा काड्या बांधावर टाकून देतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पाच-सहा मागून आणा. पानांवर किंवा फांद्यांवर काळपट तेलकट डाग असतील तर ती बाग सोडा. तो तेल्या रोग असतो. काडी पेन्सिलएवढी जाड आणि वीतभर लांब हवी. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली, तिरका द्या. दोन-तीन डोळे मातीत जातील अशी लावून सावलीत ठेवा. जानेवारी-फेब्रुवारी किंवा पावसाळ्याची सुरुवात, हे दिवस चांगले.

आपली काळी माती यासाठी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. वाळू, बारीक मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारखं मिसळलं तरी भागतं.

इथेच बहुतेकांची घाई होते. काडीला पानं फुटली म्हणजे मुळं आली असं नाही. काडीत साठलेल्या अन्नावरच ती पहिली पानं येतात. मुळांना दीड-दोन महिने लागतात. रोज काडी हलवून किंवा उपसून पाहिली, तर फुटणारी कोवळी मुळं तुटतात आणि काडी वाळते. लावा, ओल ठेवा आणि हात लावू नका.

आधी खोड, मग आकार

दुसरी चूक म्हणजे मुळं आली की लगेच उथळ ट्रेमध्ये लावणं. थोड्या मातीत वाढ मंदावते, मग काडी वर्षानुवर्षं काडीच राहते. पहिली दोन-तीन वर्षं ती मोठ्या कुंडीत मोकळी वाढू द्या. पानं भरपूर असली की खोड जाड होतं. मग उंची कापून खालच्या फांद्या राखा. बुडातून येणारे फुटवे काढत राहा.

आकारासाठी कोवळ्या फांदीवर ॲल्युमिनियमची तार तिरकी गुंडाळून हळूहळू वळवा. डाळिंबाचं जुनं लाकूड चटकन मोडतं, त्याच्यावर जोर करू नका. तार सालीत रुतण्याआधी काढा, नाहीतर वण कायमचा राहतो. ट्रेमध्ये लावताना, आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी, जानेवारी-फेब्रुवारीत मुळं थोडी छाटून माती बदला.

झाडाला उपाशी ठेवून लहान करतात, असा एक गैरसमज आहे. ते लहान राहतं छाटणीमुळे आणि मुळांना जागा कमी असल्यामुळे. खत आणि पाणी त्याला लागतंच.

उन्हाळा आणि पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेल्या घरात कुंडीला पाणी घालतानाही हात आखडतो. बोन्सायला पाणी थोडंच लागतं, पण मेमधल्या उन्हात एक दिवसही चुकला तर झाड जाऊ शकतं, कारण ट्रेमध्ये मातीच बेताची असते. वुजू करताना खाली टब ठेवा, तेच पाणी झाडाला घाला. साबणाचं पाणी मात्र नको. ट्रे तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा. सकाळचं ऊन मिळू द्या, दुपारी सावली करा. ईदला किंवा लग्नाला गावी जाताना झाड शेजाऱ्यांकडे सोपवा.

फूल आलं तर घरात सगळ्यांना आनंद होईल. पण बोन्सायची पानं बारीक होतात, फळ तितकं लहान होत नाही. म्हणून एखाद-दुसरंच फळ ठेवा, नाहीतर फांदी वाकते आणि झाड थकतं.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सहा काड्यांपैकी तीन-चार जगल्या, तर ट्रेसाठी एकच ठेवा. बाकीच्या मशिदीच्या आवारात, मदरशात किंवा कब्रस्तानच्या कडेला, जिथे पाणी घालणारं कुणी असेल तिथे, जबाबदार लोकांना विचारून जमिनीत लावा. लावलेल्या झाडाचं फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्लं, तर लावणाऱ्यासाठी तो सदका ठरतो, असं हदीसमध्ये आलं आहे. ट्रेमधलं झाड घराची शोभा वाढवेल. पाखरांच्या वाट्याला मात्र जमिनीतलंच झाड येईल, इन्शाअल्लाह.